पंच्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर: ऑर्डरच्या पलंगाचे पैसे परत मिळवण्याचं एक प्रकरण

निपाणीत आमच्या गल्लीतल्या आक्कांनी लेकीच्या लग्नासाठी कोल्हापूरच्या एका दुकानात फर्निचर बनवायला टाकलं. पलंग, तीन दारांचं कपाट आणि आरशाचं ड्रेसिंग टेबल. पलंग आला तो मापात तीन इंच आखूड. दुकानदार म्हणाला, ऑर्डरचा माल आहे, परत होत नाही. तीन महिन्यांनी तोच पलंग त्याच्याच टेम्पोतून परत गेला आणि आक्कांचे ४४,००० रुपये परत आले. मधल्या काळात काय केलं, काय चुकलं आणि कुठले मुद्दे बरोबर असूनही आम्ही सोडून दिले, ते इथे लिहितो आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी करसल्लागार आहे, वकील नाही. आक्कांची कागदपत्रं मी लावून दिली, एवढाच माझा यातला भाग.

ऑर्डर

आक्कांनी सत्तावीस वर्षं विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांमागे, आणि माल मोजून देताना जी विडी सैल, बारीक किंवा तोंड नीट न मुडपलेली निघेल ती छाटात. छाटीची मजुरी मिळत नाही. निपाणीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कारण शेवटी त्याचा संबंध येतो.

पैसे भिशीचे, थोडे प्रॉव्हिडंट फंडाचे, थोडे मुलाचे. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. कोल्हापुरातलं दुकान त्यानंच बघून ठेवलं होतं. १२ जूनला मायलेक जाऊन ऑर्डर देऊन आले. लग्न फेब्रुवारीत होतं, पण लाकडाच्या कामाला वेळ लागतो म्हणून एवढ्या आधी. दुकानदारानं दुकानाच्या छापील कागदावर हातानं कोटेशन लिहून दिलं. पलंग, सागवान, आतलं माप ७८ बाय ७२ इंच, खाली पेटी: ६२,००० रुपये. कपाट तीन दारी, सात फूट उंच, ७१० प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड): ५८,०००. ड्रेसिंग टेबल आरशासह: २८,०००. एकूण १,४८,०००. पॉलिश वॉलनट. माल २५ सप्टेंबरपर्यंत.

अठ्ठ्याहत्तर इंचाला कारण होतं. दुहेरी पलंगाच्या गाद्या बाजारात साधारण ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीत मिळतात. होणारे जावई चांगले उंच आहेत, म्हणून आक्कांनी मोठी गादी आधीच घेऊन ठेवली होती आणि दुकानात तेच माप सांगितलं. तो आकडा दुकानदारानं स्वतःच्या हातानं लिहिला. पुढचं सगळं प्रकरण त्या एका आकड्यावर उभं राहिलं.

आता चूक. दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल. नको असेल तर ह्याच आकड्यात करतो." १,४८,००० वर १८ टक्के म्हणजे २६,६४० रुपये. भिशीतून पैसे उभे करणाऱ्या बाईला ही रक्कम छोटी नाही. दोघांनी बिल नको म्हणून सांगितलं. माझा धंदाच कराचा असल्यामुळे मला हे फार लागलं, पण ते ऐकायला मिळालं तेव्हा वेळ निघून गेली होती. बिल न घेणारं गिऱ्हाईक कर वाचवतं असं त्याला वाटतं. खरं तर ते आपल्या खरेदीचा सगळ्यात मजबूत पुरावा दुकानातच सोडून येतं. यात दोष दोन्हीकडचा होता आणि ते आम्ही पुढेही लपवलं नाही.

पैसे असे गेले: ऑर्डरच्या दिवशी ६०,००० मुलाच्या फोनवरून यूपीआयनं, दुकानदाराच्या स्वतःच्या खात्यावर. ऑगस्टमध्ये "पॉलिशला घेतोय" असा फोन आल्यावर ४०,००० रोख. ते घेताना दुकानदारानं कोटेशनच्या मागे "४०,००० जमा" असं लिहून सही केली. आक्कांनी हट्टानं लिहून घेतलं. वखारीत मुकादमाकडून पुस्तकात आकडा लिहून घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही सवय.

माल आला तो दिवस

२५ सप्टेंबर गेला, दसरा गेला. दुकानदार फोनवर तारखा देत राहिला आणि आक्का "चालतंय, दिवाळीच्या आत द्या" म्हणत राहिल्या. टेम्पो आला तो धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, रात्री साडेआठनंतर. लाइट गेलेली. मोबाइलच्या उजेडात माल उतरवला. ड्रायव्हरनं चलन पुढे केलं, त्यावर आधीच छापलेलं होतं, "माल व्यवस्थित मिळाला." मुलानं सही केली. ३०,००० रोख ड्रायव्हरकडे दिले आणि दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कळवलं, "तीस हजार ड्रायव्हरकडे दिले, ड्रॉवरचे चॅनेल बसवल्यावर राहिलेले अठरा." त्यावर दुकानदाराचा अंगठा आला. एवढंच, नुसतं अंगठ्याचं चिन्ह. पण ३०,००० पोचल्याचा तोच एक पुरावा, आणि तो पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी टाकायला गेले तर ती बसेना. पायथ्याच्या फळीवर चढून राहिली. टेप लावला: आतली लांबी ७५ इंच. रुंदी बरोबर ७२.

मग बाकीचंही दिसायला लागलं. कपाटाचं मधलं दार पीळ पडल्यासारखं, वरती टेकतं आणि खाली अर्धा इंच उघडं राहतं. प्लायवर कुठेच आयएसआयचा शिक्का सापडेना. पॉलिश आक्कांच्या मनात होतं त्यापेक्षा पुष्कळ गडद. गल्लीतले जुने मिस्त्री येऊन गेले. त्यांनी पलंगाच्या बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला पटाशीनं नखाएवढं खरवडलं, वास घेतला, बोट फिरवलं. सागवानाला कातड्यासारखा एक वास असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. "पाय आणि डोक्याकडची फळी सागवान," ते म्हणाले, "ह्या दोन बाजूच्या फळ्या न्हाईत. वरनं रंग दिलाय."

मुलगा पेटून उठला. फसवणूक झाली, पोलिसांत जाऊ, दुकानासमोर उभं राहून व्हिडिओ काढू. मी त्याला दोन दिवस थांबवलं. आक्कांना मात्र एकच गोष्ट बजावून सांगितली: त्या पलंगावर कुणीही झोपायचं नाही. दिवाळीला घरात आठ पाहुणे होते आणि सगळे सतरंजीवर झोपले, पलंग भिंतीला उभा राहिला. कारण वस्तुविक्री कायदा, १९३० मधल्या कलम ४२ प्रमाणे गिऱ्हाईक वस्तू आपलीच असल्यासारखी वापरायला लागलं, किंवा नको असल्याचं न कळवता रास्त मुदतीपलीकडे ठेवून बसलं, तर त्यानं ती स्वीकारली असं धरलं जातं. एकदा स्वीकारली की नाकारण्याचा हक्क जातो; उरते ती नुकसानभरपाईची मागणी. माल परत करायचा असेल त्यानं पहिल्या दिवसापासून तो न वापरलेला दिसला पाहिजे.

दुकानदाराचं म्हणणं

पहिला फोन १९ तारखेलाच केला होता. उत्तर आलं, "दिवाळीनंतर बघू." टेप लावलेला फोटो पाठवला. त्यावर आवाजी निरोप आला: "मावशी, गादी कापून घ्या की. गादीवाला दोनशे रुपयांत करून देतोय. ऑर्डरचा माल हाय, तुमच्या मापाचा पलंग मी दुसऱ्या कुणाला विकू?"

हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो, आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. माप देऊन वस्तू बनवून घेतली आणि नंतर मन बदललं, तर ती वस्तू दुकानदाराच्या गळ्यात मारणं अन्याय आहे. रंग आवडला नाही, लग्न मोडलं, जागा बदलली, अशा कारणांनी पैसे मागणाऱ्याच्या बाजूनं मी उभा राहिलो नसतो. पण इथे पलंग आक्कांच्या मापाचा नव्हताच. आक्कांच्या मापाचा असता तर आक्कांनी ठेवून घेतला असता. शिवाय ७५ बाय ७२ हे बाजारातल्या गादीचं चालू माप आहे. म्हणजे जो पलंग त्यानं आम्हाला दिला तो तसाच्या तसा त्याच्या दुकानात उद्या विकला जाऊ शकत होता. "कुणाला विकू" हा प्रश्न त्या पलंगाला लागूच होत नव्हता.

कायदाही इथे सरळ आहे. वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाला जुळली पाहिजे, ही अट वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रीत गृहीतच असते. कागदावर वेगळी लिहावी लागत नाही. मालच ऑर्डरचा असला की वर्णन आणखी नेमकं असतं, आणि ते पाळायची जबाबदारी दुकानदारावर आणखी घट्ट बसते. "ऑर्डरचा माल परत नाही" अशी पाटी लावल्यानं ती सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, सदोष माल परत घ्यायला आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणंही त्याच कलमात येतं, २(४७) मध्ये.

एकच मुद्दा पुढे का ठेवला

पत्र लिहायला बसलो तेव्हा मुलाच्या यादीत सात तक्रारी होत्या: उशीर, माप, लाकूड, प्लाय, दार, पॉलिश, बिल. प्रत्येकीत काही ना काही खरं होतं. तरी मी त्यातल्या पाच बाजूला केल्या, आणि यावरून आमचा बराच वाद झाला.

उशीर काढला. आक्कांनी स्वतः फोनवर "चालतंय" म्हटलं होतं, आणि उशिरा आलेला माल काही न बोलता उतरवून घेतला होता. मुदत टळल्याचा मुद्दा तेव्हाच उठवायला हवा होता. पॉलिश काढलं, कारण कोटेशनवर वॉलनट लिहिलं होतं आणि वॉलनटच होतं. नमुना बघून घेतला नाही ही आमची चूक. प्लायचा शिक्का कापलेल्या तुकड्यावर राहतोच असं नाही, म्हणून तोही काढला. बिल काढलं, कारण त्यात दोष आमचाही होता.

लाकडाचा मुद्दा सोडणं सगळ्यात जड गेलं. मिस्त्रींची नजर खरी होती, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मिस्त्रींचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. लाकूड कुठल्या झाडाचं आहे हे बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत तपासून मिळतं. त्यासाठी तुकडा कापून पाठवायचा, तो याच पलंगाचा आहे हे सिद्ध करायचं, मग दुकानदार म्हणणार की कोटेशनवर नुसतं "सागवान" आहे, सगळ्या फळ्या सागवानाच्या असं कुठे लिहिलंय. कायद्यानं ग्राहक आयोगाला तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे, आणि मालाची तपासणी करावी लागली तर पाच महिन्यांत. म्हणजे लाकडाचा मुद्दा घेतला की कायद्याच्या हिशेबातच दोन महिने वाढले, आणि लग्न फेब्रुवारीत.

टेपला प्रयोगशाळा लागत नाही. कोटेशनवर दुकानदाराच्या हातचं ७८, फोटोत टेपवरचं ७५. मिस्त्री लागत नाही, वकील लागत नाही, कुणाचं मत लागत नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यानं लाकडात फसवलं ते सोडायचं?" मी म्हटलं, पलंगच परत गेला तर लाकूडही परत जातं. ते आक्कांना पटलं. मुलाला पटायला आणखी आठवडा गेला.

हिशेबही त्याच पद्धतीनं मांडला. तिन्ही वस्तूंचे दर कोटेशनवर वेगवेगळे होते, हे आमचं नशीब. एकच ठोक रक्कम असती तर फक्त पलंग परत करणं फार किचकट झालं असतं. कपाट आणि टेबल ठेवायचं ठरलं: ५८,००० आणि २८,००० मिळून ८६,०००. दिलेले पैसे १,३०,०००. फरक ४४,०००. राहिलेले १८,००० आम्ही देणं लागत नाही, कारण ते पलंगातच वजा झाले. दार मात्र पंधरा दिवसांत नीट करून द्यावं.

२४ ऑक्टोबरला पत्र गेलं. मराठीत, दीड पानाचं, स्पीड पोस्टानं. त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे होतं: "सदर पलंग ठरलेल्या मापाचा नसल्यामुळे आम्ही तो स्वीकारत नाही. तो न वापरता आमच्या घरी ठेवला आहे, आपण आपल्या खर्चानं घेऊन जावा." दुकानदार आधी म्हणाला होता, "दुकानात आणून टाका, मग बघतो." तसं करायची गरज नव्हती. नाकारलेला माल परत पोचवणं हे गिऱ्हाइकाचं काम नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरतं, असं वस्तुविक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं. टेम्पोचे चार-पाच हजार घालून पलंग तिकडे नेला असता, तर आमच्या हातात पलंगही नाही आणि पैसेही नाहीत अशी गत झाली असती.

चार नकार

१ नोव्हेंबरला व्हॉट्सॲपवर लांबलचक उत्तर आलं. कुणीतरी जाणत्यानं लिहून दिलेलं असावं.

पहिला नकार सहीचा: चलनावर "माल व्यवस्थित मिळाला" म्हणून सही आहे. माल आधी न बघितलेल्या गिऱ्हाइकाला तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत त्यानं तो स्वीकारला असं धरत नाहीत, कलम ४१. अंधारात रात्री साडेआठला उतरवलेल्या मालाची संधी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, आणि त्याच सकाळी फोटो गेला. हा फोटो चार दिवसांनी गेला असता तर मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो. तरीही सांगतो, चलनावर सही करताना खाली दोन शब्द लिहायची सवय ठेवावी: "तपासणी बाकी." ड्रायव्हर कुरकुरतो, पण लिहू देतो.

दुसरा नकार ॲडव्हान्सचा: कोटेशनच्या तळाला "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" असं छापलं आहे. ही ओळ फार तर गिऱ्हाईक स्वतः माघार घेतं तेव्हाची. तेव्हासुद्धा करार कायदा, १८७२ चं कलम ७४ वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. दुकानदाराच्याच चुकीसाठी ती ओळ त्याला संरक्षण देईल, हे कुठल्याच न्यायानं बसत नाही.

तिसरा नकार बिलाचा: पक्कं बिल नाही, म्हणजे व्यवहारच नाही. यूपीआयची नोंद, मागची सही आणि तो अंगठा, या तिन्हींचे फोटो उत्तरादाखल पाठवले. बिल दिलं नाही ही आधी त्याची चूक ठरते, हेही लिहिलं. यावर पुन्हा कधी तो बोलला नाही.

चौथा नकार आम्हा सीमाभागातल्या लोकांना चांगला माहीत आहे. कागदावर छापलेलं होतं, "न्यायक्षेत्र कोल्हापूर", आणि दुकानदारानं पुढे लिहिलं होतं की तुम्ही कर्नाटकातले, तुम्हाला इथे काही करता येणार नाही.

माझी पहिली उसळी बेळगावला दाखल करायची होती. २०१९ च्या कायद्यानं कलम ३४ मध्ये ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू दिली आहे, आणि निपाणी बेळगाव जिल्ह्यात येते. दुकान महाराष्ट्रात असलं तरी त्याला बेळगावला यावं लागलं असतं. तळाशी छापलेल्या ओळीनं कायद्यानं दिलेला हक्क जातो असं मी मानत नाही, आणि तसं भांडायलाही मी तयार होतो. आक्कांनी विचारलं, "बेळगाव किती लांब?" सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर. "आणि कोल्हापूर?" सुमारे चाळीस. "मग तो म्हणतोय तिथंच जाऊया की. त्याला वाटतंय आम्ही येत न्हाई."

मी गप्प झालो. बेळगावला कामकाज कन्नड-इंग्रजीत. कोटेशन मराठी, पत्र मराठी, व्हॉट्सॲप मराठी, आवाजी निरोप तर कोल्हापुरी. प्रत्येकाचं भाषांतर जोडावं लागलं असतं. दोन्ही बाजू मराठी, भांडण मराठीतून झालेलं, आणि कागद मात्र तिसऱ्या भाषेत. कोल्हापुरात हा खर्च नव्हता, आणि न्यायक्षेत्राचा वाद उभाच राहत नव्हता. सीमेच्या या बाजूला वाढलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यातच न्याय मिळावा असं वाटतं, माझंही तेच झालं होतं. पण हा हक्क गाजवायचा प्रसंग नव्हता. बिदरच्या माणसानं पुण्याहून किंवा कारवारच्या माणसानं मुंबईहून वस्तू मागवली असेल, तर मात्र आपल्याच जिल्ह्यात दाखल करावं. तिथे या कलमाचं मोल खरं कळतं.

तक्रार

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. मराठीत बोलता आलं, क्रमांक मिळाला, दुकानदाराकडून काही हललं नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा मार्ग बरा पडतो; एका मालकाच्या दुकानावर त्याचा दाब कमी पडतो. तरी आम्ही समेटाचा प्रयत्न केला होता, एवढं कागदावर आलं.

२ डिसेंबरला ई-जागृती या पोर्टलवरून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही, आक्कांनी स्वतःच्या नावानं केली. जोडलेले कागद: कोटेशन दोन्ही बाजूंनी, यूपीआयची नोंद, चलन, टेपचे तीन फोटो, गादीची पावती, पत्र आणि पोस्टाची पोच, व्हॉट्सॲपचे उतारे. उताऱ्यांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मुलाचं प्रमाणपत्र लावलं. फोटो काढला तो फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, हेही त्याला बजावलं. टेपच्या फोटोंपैकी एक अगदी साधा होता, तरी मला तोच महत्त्वाचा वाटतो: टेपचं शून्य डोक्याकडच्या फळीला टेकलेलं दिसतं, दुसरं टोक पायथ्याला, आणि मागे भिंतीवर आक्कांच्या घरातलं कॅलेंडर.

मागणी ४४,००० परत, नऊ टक्के व्याज, त्रासापोटी १०,००० आणि खर्चाचे ५,०००. मुलाला दोन लाख मागायचे होते. बासष्ट हजारांच्या पलंगाला दोन लाखांचा मनस्ताप मागितला की खऱ्या चव्वेचाळीसवरचाही विश्वास कमी होतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण अशा वादात लवकर जाण्यातच हित आहे. लाकूड उन्हाळ्यात वाळतं, सरकतं, आणि मग मूळ दोष कोणता यावर भांडण सुरू होतं.

तक्रार दाखल होऊन नोटीस दुकानात पोचायला जानेवारी उजाडला. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर आणखी पंधरा दिवस. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्येच सांगितलं आहे. त्याच्या वकिलानं त्याला हे सांगितलं असणार. संक्रांतीला फोन आला, या वेळी आक्कांना "मावशी" म्हणून आणि पुष्कळ खालच्या आवाजात.

समेट घरीच झाला. पलंग तो नेणार. २४,००० पलंग टेम्पोत चढताना यूपीआयनं, २०,००० पंधरा दिवसांत. कपाटाचं दार नवीन. व्याज, त्रास, खर्च आम्ही सोडलं. मला ते फारसं आवडलं नाही, पण पैसे आक्कांचे होते आणि लग्न तोंडावर होतं. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो: दुसरा हप्ता खात्यावर दिसल्याशिवाय तक्रार मागे घेणार नाही. दुकानदार म्हणाला, विश्वास ठेवा. मी म्हटलं, विश्वास आहे, म्हणूनच पंधरा दिवस दिलेत. समेट कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पैसे तेराव्या दिवशी आले, त्यानंतर अर्ज देऊन तक्रार मागे घेतली.

छाट

पलंग न्यायला टेम्पोबरोबर एक कारागीर आला, जोड सोडवायला. हा पलंग त्यानंच बनवला होता. दुकानदाराचं स्वतःचं वर्कशॉप नाही. तो माप लिहून चिठ्ठी देतो आणि हे लोक नगावर काम करतात. कारागीर आल्या आल्या म्हणाला, "आक्का, माझी चूक न्हाई." खिशातून चिठ्ठी काढली, घडी पडून फाटत आलेली. त्यावर ७५ बाय ७२ होतं. कोटेशनवर अठ्ठ्याहत्तर लिहिणाऱ्यानंच चिठ्ठीवर पंच्याहत्तर लिहिलं होतं. म्हणजे चूक लाकूड कापायच्याही आधीची, दुकानातल्या टेबलावरची.

आक्कांनी चिठ्ठी दोनदा बघितली. मग विचारलं, "आता तुझी मजुरी कापणार काय त्यो?" कारागीर काही बोलला नाही. आक्कांनी लगेच दुकानदाराला फोन लावला. मी शेजारी बसलो होतो. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "चिठ्ठी माझ्याकडं हाय. माझ्या नावानं ह्या पोराचं छाट काढू नका." एवढंच बोलून फोन ठेवला. पुढे त्याची मजुरी मिळाली की नाही, विचारायला माझ्याकडे त्याचा नंबर नाही. आक्कांनी चिठ्ठी त्याला परत दिली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवायला सांगितलं.

लग्नाला तीन आठवडे राहिले होते. नवीन पलंग गल्लीतल्या मिस्त्रींनी केला, लाकडाचा वास घेऊन बघणाऱ्या त्याच मिस्त्रींनी. लाकूड निवडायला आक्का स्वतः गेल्या. कोटेशन म्हणून मिस्त्रींनी वहीचं पान फाडून दिलं. माप आक्कांनी स्वतः लिहिलं, आकड्यात आणि खाली अक्षरात: अठ्ठ्याहत्तर इंच. आणि त्याच पानाची एक नक्कल मिस्त्रींच्या रंध्याखाली ठेवून आल्या.